दर्याची शिकार, डोंगराचा पाला

हर्णे बंदरावर दुपार कलली की लिलावाची गडबड सुरू होते. होड्या किनाऱ्यापासून लांब उभ्या असतात. त्यांतला माल बैलगाड्यांत चढतो, गाड्या पाण्यातून वाट काढत वाळूवर येतात आणि समोर सुवर्णदुर्ग असताना बोली लागते. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे आलेला पाहुणा आधी किल्ल्याचा फोटो काढतो, मग बैलांचा. मासळीकडे तो फक्त भावापुरता बघतो.

खरं तर बघण्यासारखी तीच आहे. त्या वाळूवर मांडलेला एकूणएक जीव रानटी असतो. सुरमई, पापलेट, बांगडा, म्हाकूल, शेवंड यांना कुणी पाळलेलं नसतं, चारा घातलेला नसतो. आपण खातो ती कोंबडी पोल्ट्रीतली, बोकड गोठ्यातला, रोहू-कटला बहुतेक तळ्यात वाढवलेला. उघडपणे, कायद्याने आणि टनावारी विकलं जाणारं रानटी मांस आता या देशात मासळीपुरतंच उरलं आहे. शिकारीचं जेवण म्हणजे बंदूक, जंगल आणि मिशीवाला माणूस असं चित्र डोळ्यांपुढे येतं. हर्ण्याच्या घरात तेच जेवण रोज दुपारी भातावर येतं, पण त्याला शिकार म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही.

युरोपात थंडी पडू लागली की शिकारीचा हंगाम येतो. ससा, हरीण, रानडुक्कर, फेझंट पक्षी खाटकाच्या दुकानात टांगले जातात आणि घराघरांत जाड बुडाच्या झाकणबंद भांड्यात रानातल्या अळंब्यांसोबत तासन् तास मंद आचेवर शिजतात. इंग्लंडात ससा उंच जगमध्ये घालून तो जग गरम पाण्यात ठेवायची पद्धत होती, रस्सा दाट करायला त्याचंच रक्त. तिथे हे चालतं, कारण तिथे शिकारीला हंगाम आहे, परवाना आहे आणि ते मांस विकायची मुभा आहे. आपल्याकडे यातलं काहीच नाही. मग आपल्या मातीतली अशी हंडी कोणती, असं विचारलं तर मंडळी लगेच रानडुकराच्या गोष्टी सांगू लागतात. माझ्या मते तो पत्ता चुकीचा आहे. पण आधी त्या डुकराचा निकाल लावू.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय काय उपभोगावं याची ती जंत्रीच आहे, आणि त्यात शिकारही आहे, जेवणही आहे. रानडुकराचे केस कसे काढावेत हे तिथे सांगितलं आहे: अंगावर कापड घालून उकळतं पाणी ओतावं, किंवा गवताच्या जाळावर केस जाळून खरवडावं. आजही डुक्कर कापणारी माणसं पेंढ्याच्या जाळावर हेच करतात. त्याच ग्रंथात कासव आहे, खेकडा आहे आणि शेतातला काळा उंदीर भाजून कसा खावा तेही आहे. हा उंदीर मला फार महत्त्वाचा वाटतो. राजाच्या ताटात होता तोवर तो पक्वान्न. पुढे तोच कातकऱ्याच्या चुलीवर दिसला तेव्हा गावाने नाक मुरडलं.

कोकणात गावच्या शिकारीला पारध म्हणत. हाकेकरी रान उठवायचे, बंदुकवाले नाक्या-नाक्यावर बसायचे, बंदूक बहुधा ठासणीची आणि परवाना शेतसंरक्षणाचा. जनावर पडलं की वाटे पडत. ज्याची गोळी लागली त्याला मानाचा वाटा, बाकीच्यांना सारखा. एका डुकरात वाडी जेवायची. एकट्यादुकट्याला एवढं मांस टिकवता आलं नसतं, म्हणून वाटून खायचं. उदारपणा होता तितकीच ती सोयही होती. शिजवायला लागायचं ते ठेचलेलं आलं-लसूण, मिरची, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि भरपूर वेळ. रानातलं जनावर आयुष्यभर पळालेलं असतं, त्याचं मांस घट्ट, त्यात चरबी कमी. ते मोठ्या आचेवर चामड्यासारखं होतं. झाकून, थोड्या ओलीत, मंद आचेवर तासन् तास ठेवलं तरच स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन विरघळतं आणि रस्सा अंगचा दाट होतो. जगभर शिकार हंडीतच का गेली, याचं उत्तर चवीत नाही, या घट्टपणात आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि शिकार बंद झाली असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मुंबई राज्यात १९५१ पासूनच वन्य पशुपक्ष्यांसाठी कायदा होता, आणि १९७२ च्या कायद्यातही काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने शिल्लक होते. ती दारं १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. गंमत अशी की ज्या १९७२ साली हा कायदा झाला, त्याच वर्षी मे महिन्यात हर्ण्यापासून जवळच दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं. विद्यापीठाने बागा वाढवायच्या, कायद्याने जनावरं राखायची. दोघांनीही आपापलं काम केलं, आणि आज माकडं आणि डुकरं त्याच बागांत येतात. शेतकरी कावला आहे यात खोटं काही नाही. म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारने पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना वनखात्याच्या परवानगीने मारायची वाट काढली. पण तिथेही एक मेख आहे. परवानगीने मारलेलं जनावर कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे सरकारी मालमत्ता असतं. मारायची मुभा म्हणजे खायची मुभा नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही हीच रेघ ओढली आहे: रानातली गौण उपज आणि पाण्यातली मासळी यांवर आदिवासींचा हक्क मानला, शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र नावानिशी वगळला. म्हणजे कायद्याने हंडीतून जनावर काढून घेतलं आणि पाला व मासा तेवढा ठेवला.

राजस्थानात याचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तिथल्या राजवाड्यांत ससा खड्ड्यात पुरून भाजायचे, त्याचं नाव खड खरगोश. शिकारीच्या मुक्कामावर हाताशी तूप, मीठ आणि लाल मिरची एवढंच असे, त्यातून जंगली मांस हा प्रकार निघाला. ससा गेला, हरीण गेलं, पण पदार्थ मेले नाहीत. खड्ड्यात कोंबडी गेली, तुपात बकरा आला. नाव जंगली, मांस बाजारचं. कोकणाने अशी नावं जपली नाहीत. त्याला तशी गरज पडली नाही, कारण त्याच्याकडे दुसरं रान होतं.

ते दुसरं रान पावसाळ्यात नीट समजतं. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी मासेमारीला बंदी असते. बरेच कोळी नारळी पौर्णिमेला नारळ देऊनच पुढचं बोलतात. या काळात हर्ण्याच्या आणि शेजारच्या पाजपंढरीच्या घरांत समुद्र असतो तो डब्यांत आणि मडक्यांत. उन्हाळ्यात वाळूवर आणि मांडवांवर सुकवलेला जवळा, सुकट, बोंबील, खारे बांगडे, सोडे. आणि नेमकं याच दिवसांत मागच्या डोंगरउतारावर हिरवं फुटतं. वर्षभर ज्या दोन रानांची गाठ पडत नाही, ती या दोन महिन्यांत एका भांड्यात पडते. शेवळात सोडे, टाकळ्यात जवळा, बांबूच्या कोंबात सुकट. माझ्या लेखी हर्ण्याची शिकारीची हंडी ती हीच, आणि ती बायकांनी जमवलेली आहे. बंदूक नव्हती म्हणून तिच्या गोष्टी कुणी रंगवून सांगितल्या नाहीत, एवढंच.

रानातला पाला फुकट असतो हा शहरी गैरसमज आहे. त्याची किंमत माहितीत द्यावी लागते. शेवळं पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येतात, सुरणाच्या भाऊबंदांतली, जांभळट रंगाची. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज आणतात. म्हणून शेवळं विकणारी बाई त्यासोबत काकडं देते, त्याच दिवसांत झाडाला येणारी छोटी आंबट फळं. त्यांच्या रसात शेवळं शिजवली की खाज मरते. काकडं नसली तर चिंच. बांबूच्या कोवळ्या कोंबात टॅक्सिफायलिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोंब पातळ चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचे, ते पाणी फेकायचं, मग उकडून तेही पाणी फेकायचं. कोकणातल्या कुठल्याही आजीने सायनाइड हा शब्द ऐकलेला नसतो आणि पाणी फेकायला ती विसरत नाही. भारंगी कडू, म्हणून उकडून पिळायची. टाकळा कोवळा तेवढाच, पानं मोठी झाली की तो गेला. फोडशीच्या पातीतला मधला पांढरा दांडा काढून टाकायचा.

अळंबीची गोष्ट वेगळी. श्रावण-भाद्रपदात वारुळांच्या आसपास उगवणारी ही अळंबी वाळवीनेच लावलेली शेती असते. वाळवी वारुळाच्या पोटात चावलेल्या लाकूड-पाचोळ्याच्या पोळ्यावर ही बुरशी वाढवते आणि तिच्यावर जगते. पाऊस नीट पडला की त्या बुरशीच्या छत्र्या जमीन फोडून वर येतात. वाळवीशिवाय ती वाढवायचं माणसाला अजून व्यापारी प्रमाणात जमलेलं नाही, म्हणून तिचे भाव मटणाच्या पलीकडे जातात. ती मटणाच्याच मसाल्यात करतात आणि ते योग्य आहे. युरोपातल्या कुठल्याही शिकारीच्या हंडीतल्या अळंबीपुढे ती उजवी ठरेल. फक्त ती ओळखणाऱ्याच्या हातूनच घ्यावी. फोटो बघून, मोबाइलवर ताडून अळंबी काढायला जाऊ नये. विषारी छत्र्या दिसायला तितक्याच देखण्या असतात.

आणि रानातलं आपण काही खात नाही म्हणणाऱ्या पुण्या-मुंबईच्या वाचकाने आपला गोडा मसाला उघडून पाहावा. त्यातलं दगडफूल कुणी शेतात लावत नाही. झाडांच्या साली आणि दगड खरवडून ते गोळा केलेलं असतं.

आता भांड्याबद्दल. पाठारे प्रभू आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या स्वयंपाकात भुजणं नावाचा प्रकार आहे, आणि तोच मला या सगळ्या शिजवण्याचा पाया वाटतो. फोडणी नाही, परतणं नाही. कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर, हळद, मसाला, तेल, मीठ सगळं हाताने कुस्करायचं, त्यात मासळी माखायची, भांड्यात थर लावायचे, वर ताट ठेवायचं आणि ताटात पाणी. ताट थंड राहतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होते आणि परत पदार्थावर पडते. वरून पाणी न घालता पदार्थ स्वतःच्याच रसात शिजतो. कमी पडलंच तर ताटातलं पाणी तोवर गरम झालेलं असतं, तेच घालायचं. फ्रान्समध्ये विसाव्या शतकात याच तत्त्वावर बिडाचं एक भांडं निघालं. त्याला दूफ म्हणतात, त्याच्या झाकणाला खोलगट जागा ठेवलेली असते आणि तीत बर्फ भरतात. आपल्याकडे त्यासाठी वेगळं भांडं कुणी विकत घेतलं नाही. घरातली परात पुरली.

सोडे आणि कोंब याच पद्धतीने करून पाहण्यासारखे आहेत. वाटीभर सोडे कोमट पाण्यात पाव तास भिजवा, ते पाणी गाळून ठेवा. रात्रभर भिजवून उकडलेले दोन वाट्या कोंब घ्या. दोन कांदे उभे चिरून, सात-आठ लसूणपाकळ्या सालीसकट ठेचून, हळद, दोन चमचे घरचा मसाला आणि चार चमचे तेल यांत कुस्करा. मीठ हात राखून, कारण सोड्यांत ते आधीच आहे. मातीची तवली असेल तर उत्तम, नसेल तर जाड बुडाचं पातेलं. खाली कांदा, मग कोंब, वर सोडे, बाजूने सोड्यांचं पाणी. ताटात पाणी ठेवून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. तीन-चार आमसुलं अगदी शेवटी. ती आधी घातली तर आंबटामुळे कोंब शिजायला अडून बसतो. ओलं खोबरं घालणारे घालतात. मी म्हणेन, घालू नका. कोंबाचा वास त्याखाली दडतो.

पावसाळा सरला की हंडीतला जीव बदलतो. ओहोटीला खडकांवर आणि खाडीत बायका टोपल्या घेऊन दिसू लागतात. खडकाला घट्ट बसलेली कालवं टोकदार लोखंडाने फोडून त्यांतला मगज काढायचा, चिखल-वाळूत हाताने चाचपून तिसऱ्या आणि खुबे वेचायचे. याला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सुमारे सहा. ओहोटी तिच्या सहा तास मागेपुढे. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि उधाणाच्या त्या दिवसांत पाणी सगळ्यात लांब हटतं. एरवी पाण्याखाली असणारे खडक तेव्हाच उघडे पडतात. तिसऱ्या शिजवताना पाणी घालणारा माणूस मला समजलेला नाही. शिंपलीच्या पोटात समुद्राचं पाणी असतं, तोच रस्सा. शिजवण्याआधी उघडी पडलेली आणि टिचकी मारूनही न मिटणारी शिंपली फेकायची, शिजल्यावर न उघडणारीही फेकायची. या गोष्टीत कंजुषी करू नये, कारण शिंपला पाणी गाळून जगतो आणि त्या पाण्यातली घाण पोटात साठवतो.

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याची पाळी येते. रायगडात त्याला पोपटी म्हणतात, रत्नागिरीच्या उत्तर भागात मोंगा. बांधावर उगवणारा उग्र वासाचा भांबुर्डीचा पाला मडक्याच्या बुडाशी आणि तोंडाशी कोंबायचा, मध्ये शेंगा, ओवा, जाडं मीठ. पाणी नाही, तेल नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा. चर्रकन आवाज आला की झालं. दक्षिण गुजरातेत वलसाडकडे हाच प्रकार कंद आणि पापडी घालून उंबाडियू म्हणून करतात आणि महामार्गाच्या कडेला विकतात. मूळ पोपटी शाकाहारी होती. अंडी आणि कोंबडी नंतर आली, आणि आता कोंबडीच पाहुणी न राहता यजमान झाली आहे. माझी काही तक्रार नाही, पण पाला विसरून ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेली कोंबडी मडक्यात घालणाऱ्यांनी त्याला पोपटी म्हणू नये.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला खटकते, ती चढणीच्या माशांची. पहिल्या मोठ्या पावसात ओढे फुगतात आणि गोड्या पाण्यातले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध शेतांपर्यंत चढतात. त्यांना वाटेतच जाळं, काठी, टोपली, मिळेल त्याने धरायचं हा कोकणातला उत्साहाचा कार्यक्रम. अंड्यांनी भरलेला मासा चविष्ट असतो हे मान्य, परंपरा जुनी हेही मान्य. पण पूर्वी वाडीतली चार पोरं जायची, आता मोटरसायकली येतात. समुद्रावर निदान ६१ दिवसांची बंदी आहे, आणि राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारही ठरवून दिला. ओढ्याला असा कुणी वाली नाही. पहिल्या पावसातला मासा वर जाऊ द्यावा, उतरतीला धरावा, एवढं गावाला ग्रामसभेत ठरवता येण्यासारखं आहे.

पाल्याचंही तसंच. गेली काही वर्षं कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. त्याने कातकरी-धनगर बायकांच्या टोपलीला गिऱ्हाईक मिळालं हे चांगलं झालं. पण गिऱ्हाईक वाढलं की कंद उपटले जातात. शेवळाचा कोंब जमिनीलगत कापला तर कंद खाली राहतो आणि पुढच्या जूनला परत येतो. मुळासकट काढलेलं शेवळ घेऊ नका आणि विकणारीला तसं सांगा. ती हे जाणतेच, घाई गिऱ्हाइकाची असते. काकडांचे वेगळे पैसे मागितले तर घासाघीस न करता द्या.

दिवाळीच्या सुट्टीत दापोली-हर्ण्याला पुष्कळ मंडळी येतील. लिलाव बघतील, सुरमई घेतील, शेजारच्या खानावळीत ती करून मागतील. तिसऱ्या मिळाल्या तर घ्या, कालवं मिळाली तर नक्की घ्या, आणि जेवण करून देणाऱ्या बाईंना सोडे घालून काही करता का असं विचारा. एखादा तुमच्या कानाशी लागून रानडुकराचं मटण आहे म्हणाला, तर तो एक तर गावठी डुकराचे दुप्पट पैसे घेतोय किंवा तुम्हाला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्यात भागीदार करतोय. दोन्ही बाबतीत तिथून उठावं आणि बंदरावर जावं.